आज्ञावलीतील जुन्या ओळी : पुसाव्यात की झाकाव्यात?

लिहिलेले चुकले तर त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न लेखनकलेइतकाच जुना आहे. भारतीय कागदी पोथ्यांतून लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत आणि तो वाळला की त्यावरच शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा मराठीतील वाक्प्रचार याच व्यवहारातून आलेला आहे. दुसरी रीत अक्षर तसेच ठेवून त्याच्या माथ्यावर बारीक टिंबे अथवा रेघा देण्याची. पहिल्या रीतीत चुकलेला पाठ दृष्टीआड होतो. दुसरीत तो दिसत राहतो, मात्र वाचावयाचा नाही एवढी सूचना वाचकास मिळते. संगणकाची आज्ञावली, म्हणजे रूढ शब्दात प्रोग्रॅम, सुधारणाऱ्या माणसापुढे आज हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा असतो. शब्दगणना, पाठतुलना, शब्दसूची ही कामे आज्ञावलींच्या साहाय्याने होऊ लागल्यामुळे तो केवळ अभियंत्यांचा प्रश्न राहिलेला नाही; भाषेच्या अभ्यासकासही त्याचा विचार करणे भाग आहे.

प्रथम ‘झाकणे’ म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक संगणकभाषेत टिपांसाठी, म्हणजे प्रचारातील शब्दात कॉमेंटसाठी, एखादे चिन्ह राखून ठेवलेले असते. त्या चिन्हाच्या आवाक्यातील मजकूर संगणक वाचून सोडून देतो; तो मनुष्यासाठी असतो. १९५७ मध्ये प्रचारात आलेल्या फोरट्रान भाषेत भोके पाडलेल्या कार्डाच्या पहिल्या स्तंभात ‘सी’ हे अक्षर असले की ते कार्ड टीप समजले जाई. सी या भाषेत तिरपी रेघ व तारका यांनी टीप सुरू होते आणि तारका व तिरपी रेघ यांनी ती संपते. ही सोय स्पष्टीकरणे लिहिण्यासाठी होती. परंतु तिचा दुसरा उपयोग लौकरच ध्यानात आला : चालत्या आज्ञेपुढे टीपचिन्ह लावले की ती आज्ञा न पुसताही निष्क्रिय होते, आणि चिन्ह काढले की पूर्ववत् चालू लागते.

हा उपयोग मूळ हेतूच्या बाहेरचा आहे, याची खूण खुद्द सी भाषेतच सापडते. तिच्यातील टिपेच्या पोटात दुसरी टीप राहू शकत नाही. आतली टीप संपली की बाहेरचीही संपली असे संगणक समजतो, आणि झाकलेल्या मजकुराचा उरलेला भाग उघडा पडतो. म्हणून जाणते लोक त्या भाषेत मोठा मजकूर झाकावयाचा असल्यास टीपचिन्ह न वापरता ‘शून्य असेल तर’ अशी कधीही खरी न ठरणारी अट घालतात. टीप ही मनुष्याशी बोलण्याची जागा आहे, जुन्या आज्ञांची अडगळ ठेवण्याची नव्हे, असेच जणू भाषेच्या रचनाकारांनी गृहीत धरलेले दिसते.

तरीही जुन्या ओळी झाकून ठेवण्याची सवय सर्वत्र आढळते, आणि तिची कारणे क्षुल्लक नाहीत. नवी रचना फसली तर जुनी हाताशी असावी, ही पहिली चिंता. पुष्कळ कष्टाने लिहिलेले आपल्या हाताने नाहीसे करवत नाही, हे दुसरे कारण, आणि बहुधा तेच खरे. तिसरे कारण सद्हेतूचे आहे. पुढे येणाऱ्या माणसास पूर्वी काय होते ते कळावे, असे लिहिणाऱ्यास वाटते.

हा तिसरा हेतूच नेमका निष्फळ ठरतो, आणि तो का ठरतो हा भाषाशास्त्रदृष्ट्या या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. झाकलेली ओळ ही संगणकासाठी आज्ञा राहिलेली नसते आणि मनुष्यासाठी विधान झालेली नसते. ती काहीतरी सांगते असे वाटते; पण काय सांगते? ‘हे चुकीचे होते’, ‘हे तात्पुरते थांबविले आहे’, ‘हे पुढे करावयाचे आहे’, ‘असेही करता आले असते’ हे चारही परस्परांहून भिन्न अर्थ एकाच चिन्हाच्या माथी मारलेले असतात. ज्याने चिन्ह लावले त्याला त्या दिवशी अर्थ ठाऊक असतो. वाचणाऱ्यास तो कळण्याचे कोणतेही साधन त्या ओळीत नसते.

एक उदाहरण घेऊ. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार मराठी लेखनातून गेले. त्यापूर्वी छापलेल्या ग्रंथांतील शब्द मोजणारी एक आज्ञावली कोणी लिहिली आहे असे समजा. ‘नाहीं’ व ‘नाही’, ‘त्यानें’ व ‘त्याने’ हे एकच शब्द म्हणून मोजले जावेत यासाठी शब्दान्तीचा अनुस्वार सरसकट काढून टाकणाऱ्या तीन ओळी तीत आहेत. काही दिवसांनी लेखकाच्या ध्यानात येते की जुन्या लेखनात ‘मी’ ही प्रथमा आणि ‘मीं’ ही तृतीया. ‘आम्ही’ व ‘आम्हीं’ यांतही तोच भेद. अनुस्वार गेला की विभक्तीच गेली. म्हणून तो त्या तीन ओळी झाकतो आणि सर्वनामांस वगळणाऱ्या नव्या दहा ओळी लिहितो. दोन वर्षांनी ती आज्ञावली दुसऱ्या अभ्यासकाच्या हाती जाते. त्याला दहा ओळींची गुंतागुंतीची रचना दिसते आणि तिच्याशेजारी तीन ओळींची सुबक, सोपी, झाकलेली रचना दिसते. सोपी रचना कोणीतरी चाचणीपुरती बंद करून उघडावयास विसरला, असा तर्क त्याने केल्यास त्याला दोष देता येणार नाही. तो ती उघडतो. आज्ञावली बिनतक्रार चालते. आणि प्रथमा-तृतीयेचे आकडे एकमेकांत मिसळून छापले जातात. संगणक येथे कोणतीही चूक दाखवीत नाही, कारण व्याकरणदृष्ट्या, म्हणजे संगणकभाषेच्या व्याकरणाने, चूक झालेलीच नसते.

याच जागी त्या तीन ओळी पुसून एक साधे वाक्य लिहिले असते तर? ‘शब्दान्तीचा अनुस्वार सरसकट काढू नये, तसे केल्यास ‘मीं’ हे तृतीयेचे रूप ‘मी’ या प्रथमेत मिसळते.’ हे वाक्य म्हणजे टीप या शब्दाच्या खऱ्या अर्थाने टीप होय. जुनी रचना काय होती हे ते सांगत नाही. ती का सोडली हे सांगते. वाचकास हवे असते ते हेच.

झाकलेल्या ओळींचा आणखी एक दोष असा की भोवतालचा मजकूर बदलत असताना त्या बदलत नाहीत. एखाद्या राशीचे नाव बदलले, एखादे उपकार्य वर-खाली हलविले, तर चालत्या ओळीत राहिलेली विसंगती बहुतेक वेळा संगणक दाखवून देतो किंवा चाचणीत ती उघड होते. झाकलेल्या ओळीकडे कोणीच पाहत नाही. वर्षभरात ती अशा आज्ञावलीतील ओळ होऊन बसते की जी आता अस्तित्वातच नाही.

जुना मजकूर आणि बदललेला भोवताल यांच्या या विसंगतीची किंमत किती मोठी होऊ शकते, हे अमेरिकेतील नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात दिसले. तेथे पॉवर पेग नावाची एक सोय २००३ पासून वापरात नव्हती. पण तिच्या आज्ञा तशाच राहू दिल्या होत्या. मागणी पुरी झाली की थांबावयाचे, यासाठी लागणारी मोजणी २००५ मध्ये आज्ञावलीतील दुसऱ्या जागी हलविली गेली, आणि जुनी सोय आता थांबेल की नाही हे कोणी तपासले नाही. २०१२ च्या जुलैअखेर नवी आज्ञावली बसविताना, पूर्वी पॉवर पेग चालू करणारी खूणच नव्या कामासाठी घेतली गेली. आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा मजकूर चढवावयाचा राहिला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवर ती खूण जुन्या आज्ञांना जागी करू लागली. ग्राहकांच्या २१२ मागण्यांपायी सुमारे ४५ मिनिटांत १५४ समभागांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. गोंधळ आवरण्याच्या प्रयत्नात उरलेल्या सात सर्व्हरांवरील नवा मजकूरच काढला गेला. परिणामी त्यांवरही जुन्या आज्ञा जाग्या झाल्या. पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसरीत विलीन झाली.

न्यायाने बोलावयाचे तर येथे जुन्या ओळी झाकलेल्या नव्हत्या, नुसत्या निजलेल्या होत्या. टीपचिन्हाखाली असत्या तर त्या कोणत्याही खुणेने जाग्या झाल्या नसत्या. तेव्हा उघडे ठेवण्यापेक्षा झाकणे बरे, एवढे मान्य केले पाहिजे. परंतु झाकलेली ओळ आणि जागी झालेली ओळ यांच्यामध्ये एका घाईतल्या माणसाचा हात एवढेच अंतर असते.

‘पुसले आणि पुन्हा लागले तर?’ या पहिल्या चिंतेस मात्र आता फारसे स्थान उरलेले नाही. आज्ञावलीच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवणारी स्वतंत्र साधने अर्ध्या शतकाहून अधिक काळ उपलब्ध आहेत. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत एससीसीएस हे असे साधन रचले. त्याची अंतर्गत रीत मोठी मनोवेधक आहे : पुसलेल्या व भरलेल्या सर्व ओळी ते एकाच नोंदीत गुंफून ठेवते आणि कोणती ओळ कोणत्या आवृत्तीत आली वा गेली याच्या खुणा त्यांना जोडते. म्हणजे प्रोग्रॅमर हाताने जे झाकण्याचे काम करतो तेच, पण चोख आणि वाचकाच्या नजरेआड. पुढे वॉल्टर टिची यांच्या आरसीएसने ताजी आवृत्ती पूर्ण ठेवून मागील आवृत्त्या फरकांच्या रूपाने जपण्याची रीत आणली. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी २००५ मध्ये रचलेले गिट हे साधन आज सर्वाधिक प्रचारात आहे. त्यात प्रत्येक नोंदीबरोबर कर्ता, दिनांक व बदलाचे कारण लिहिता येते, आणि एखादा शब्द आज्ञावलीत कधी आला व कधी गेला हेही शोधता येते. पोथीवरील हरताळाखालचे अक्षर वाचण्यास संशोधकाचे डोळे शिणतात. येथे पुसलेले जसेच्या तसे परत मिळते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. पुसलेली ओळ नोंदीत असेल. पण ती होती हेच ज्याला माहीत नाही तो ती शोधणार कशी? या संदर्भात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची पद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या आवृत्तीत संपादकांनी अग्राह्य ठरविलेले पाठ नष्ट केलेले नाहीत, आणि संहितेच्या ओळींमध्ये कंसात कोंबलेलेही नाहीत. ते संहितेच्या खाली टीपांत, तारांकित करून, आणि मोठे असल्यास परिशिष्टात दिलेले आहेत. संहिता सलग वाचता येते आणि नाकारलेले कोठे पाहावे हेही कळते. आज्ञावलीत परिशिष्टाचे काम आवृत्तिनोंद करते. तळटीपेचे काम मात्र कोणीतरी मुद्दाम करावे लागते. वर अनुस्वाराविषयी दिलेले वाक्य हीच ती तळटीप. प्रत्येक पुसलेल्या ओळीसाठी ती नको. जेथे पुढचा माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात पडण्याचा संभव आहे तेथे ती अवश्य हवी.

काम चालू असताना तासा-दोन तासांसाठी ओळ झाकून पाहण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. संध्याकाळी नोंद करण्यापूर्वी ती पुसली म्हणजे झाले.

‘जुने’ आणि ‘मृत’ यांत गल्लत होऊ नये, हे मात्र आवर्जून सांगावयास हवे. १९६२ पूर्वीचे लेखन वाचणाऱ्या आज्ञा जुन्या नियमांच्या असल्या तरी त्या काळचे ग्रंथ जोवर अभ्यासिले जातात तोवर त्या जिवंतच आहेत. त्यांना अट घालून चालू ठेवावे, झाकू नये. युनिकोड या अक्षरसंकेताचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरांच्या जागा बदलल्या गेल्या. त्यानंतर एकदा दिलेले अक्षर हलवावयाचे नाही व काढावयाचे नाही असे धोरण ठरले, कारण त्या संकेतात लिहिलेले मजकूर जगभर इतरांच्या हाती असतात. ‘सुर्‍या’, ‘वार्‍याने’ यांतील मराठी अर्धा र लिहिण्याची दुसऱ्या आवृत्तीतील रीत तिच्या जागी दुसरी मुख्य मानली गेल्यावरही त्याच कारणास्तव मान्य ठेवलेली आहे. आपल्या आज्ञावलीवर दुसऱ्याचे काम अवलंबून असेल तर पुसण्याचा अधिकार तितक्यापुरता आपला राहत नाही.

संशोधनाच्या बाबतीत हे अवलंबन छापील आकड्यांशी असते. एखाद्या निबंधात ‘मीं’ या रूपाची वारंवारता दिली असेल, तर ती कोणत्या आवृत्तीने मोजली हे सांगता आले पाहिजे. यासाठी झाकलेल्या ओळी निरुपयोगी होत, कारण त्या केव्हा झाकल्या हे त्यांवरून कळत नाही. निबंध छापावयास देण्याच्या दिवशी आवृत्तिनोंदीत त्या स्थितीस नाव द्यावे आणि ते नाव निबंधाच्या तळटीपेत छापावे. जेथे असे साधन अद्याप वापरात नाही तेथे आज्ञावलीची दिनांकित प्रत वेगळी काढून ग्रंथालयात निबंधाच्या हस्तलिखिताबरोबर ठेवावी. एवढे केल्यावर चालू प्रतीतील जुन्या ओळी त्याच दिवशी पुसण्यास अडचण राहत नाही.