लहरींची वाटणी

बिनतारी संदेशवहनात एकाच परिसरातली दोन यंत्रे एकाच वेळी एकाच वारंवारतेवर बोलू लागली, की ऐकणाऱ्या यंत्राला दोघांपैकी कोणाचेच धड कळत नाही. या अडचणीला व्यत्यय म्हणतात. मोबाईल असो वा वाय-फाय, प्रत्येक बिनतारी जाळ्याची रचना या एका अडचणीभोवती झालेली आहे. तार अपुरी पडली तर शेजारी दुसरी टाकता येते. लहरींना वाहून नेणारा अवकाश मात्र सगळ्यांना मिळून एकच असतो.

फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि तरीही इंटरनेट अडखळते, त्याचे एक कारण इथेच आहे. काड्या सांगतात त्या लहरींच्या जोरावरून संदेश वाचता येईल की नाही हे ठरत नाही. हवा असलेला सिग्नल आणि नको असलेला गोंगाट यांच्या गुणोत्तरावर ते ठरते. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ मध्ये हे सूत्रात मांडले: उपलब्ध वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी आणि हे गुणोत्तर या दोहोंवरून माहिती जास्तीत जास्त किती वेगाने पाठवता येईल याची मर्यादा ठरते. शेजारच्या टॉवरचा आवाज हाही गोंगाटच, म्हणून टॉवरची शक्ती नुसती वाढवून प्रश्न सुटत नाही. सगळ्यांनी आवाज वाढवला तर गुणोत्तर होते तिथेच राहते, वीज मात्र जास्त जळते.

वाटणीची पहिली पायरी सरकारी पातळीवर असते. कोणता पट्टा विमानांना, कोणता लष्कराला, कोणता मोबाईलला हे जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात देशादेशांमध्ये ठरते. भारतातले काम केंद्र सरकारची १९५२ पासूनची बिनतारी नियोजन आणि समन्वय शाखा पाहते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात रेडिओलहरींच्या या पट्ट्यांना सार्वजनिक मालमत्ता म्हटले. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्याच वर्षी ३१ जुलैला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. कोणत्याही कंपनीला मिळतो तो लहरी वापरण्याचा मुदतीचा हक्क, मालकी नव्हे, हे त्या निकालामुळे स्पष्ट झाले.

पट्टे वेगळे करून दिले तरी सीमेवरचे भांडण राहतेच. ५-जी सेवा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात आली, तेव्हा विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्रांचा प्रश्न उभा राहिला. ही यंत्रे ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतात, पण जुन्या यंत्रांच्या गाळण्या ढिल्या असतात आणि त्यांना शेजारच्या पट्ट्यातला जोरदार सिग्नलही ऐकू येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटर एवढ्या टापूत या पट्ट्याचे टॉवर बसवू नयेत, असे कंपन्यांना कळवले. पुणे आणि नागपूर इथल्या विमानतळांच्या आसपास तोवर काही यंत्रणा उभी राहिली होती. पुरेसे अंतर सोडणे हा व्यत्ययावरचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

याच अंतराचा चतुराईने वापर करून मोबाईल फोन शक्य झाला. जून १९४६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मोटारींमधून टेलिफोन करण्याची सेवा सुरू झाली. शहरासाठी एकच उंच, शक्तिमान प्रक्षेपक. सहा चॅनेल योजले होते, पण शेजारी चॅनेलांचा एकमेकांना त्रास होऊ लागल्याने तीनच वापरता आले. म्हणजे अख्ख्या शहरात एका वेळी तीन संभाषणे! पुढे चॅनेल थोडे वाढले तरी मूळ अडचण तशीच राहिली, कारण एका चॅनेलवर एक माणूस बोलत असताना तो चॅनेल मैलोन्‌मैल दुसऱ्या कोणालाच वापरता येत नव्हता.

बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ च्या एका अंतर्गत टिपणात यावर उत्तर सुचवले. उंच, दमदार प्रक्षेपक काढून टाकावा आणि शहराचे लहान लहान षट्कोनी तुकडे पाडून प्रत्येकात कमी ताकदीचा छोटा प्रक्षेपक बसवावा. लगतच्या तुकड्यांना वेगवेगळे चॅनेल द्यावेत, आणि थोडे अंतर ओलांडले की तेच चॅनेल पुन्हा वापरावेत. या तुकड्यालाच सेल म्हणतात. सेल जितके लहान, तितक्या जास्त वेळा तोच चॅनेल शहरभर वापरता येतो. एका सेलचे चार केले तर त्याच पट्ट्यात साधारण चौपट संभाषणे मावतात. लहरींचा साठा जराही न वाढवता क्षमता वाढवणारी ही कल्पना गेल्या शतकातल्या सर्वांत मोलाच्या अभियांत्रिकी कल्पनांमध्ये गणली पाहिजे. माणूस फिरता फिरता एका सेलमधून दुसऱ्यात गेला की कॉल न तोडता पुढच्या टॉवरकडे सोपवायचा, हे काम करणारी संगणकीय यंत्रणा तयार व्हायला मात्र काळ जावा लागला. अमेरिकेत अशी व्यापारी सेवा शिकागोत १९८३ मध्ये सुरू झाली.

टॉवर जास्त उंच असला आणि त्याचा अँटेना सरळ क्षितिजाकडे रोखलेला असला, तर लहरी आपल्या सेलबाहेर सांडतात. म्हणून शहरातले अँटेना मुद्दाम काही अंश खाली झुकवलेले असतात. आपल्या गल्लीत टॉवर नको, लांब एकच मोठा असू द्या, असा आग्रह पुष्कळ ठिकाणी धरला जातो. त्या रचनेत टॉवर आणि फोन या दोघांनाही उलट जास्त ताकद लावावी लागते.

सेलच्या आत वाटणी कशी करायची, यात प्रत्येक पिढीने वेगळी वाट धरली. २-जी म्हणजे जीएसएमने २०० किलोहर्ट्झचा एकेक चॅनेल घेऊन वेळेचे आठ तुकडे केले. कालव्याच्या पाण्यासाठी शेतकरी शेजपाळी लावतात, तशी ही पाळी, फक्त प्रत्येकाचा वाटा सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून थोडाच जास्त. लहरींना दुरून यायला वेळ लागतो, म्हणून दूरच्या फोनला किंचित आधी बोलायला सांगावे लागते. या सवलतीला मर्यादा असल्याने जीएसएमच्या सेलचा पल्ला साधारण ३५ किलोमीटरवर थांबतो.

सीडीएमए पद्धतीत सगळेच एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येकाचा संकेत वेगळा असतो. रिसीव्हर आपल्या संकेताचा तेवढा आवाज वेगळा काढतो. इथे एक जीवघेणी अडचण आली. शहरात अंतर दहापट झाले की पोचणारी शक्ती सुमारे हजार ते दहा हजार पटींनी घटते. टॉवरच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या एका फोनने पूर्ण ताकदीने बोलायचे ठरवले, तर दूरचे सगळे फोन त्याखाली गाडले जातात. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा ‘जरा हळू’ किंवा ‘जरा मोठ्याने’ असा हुकूम पाठवत असे. ३-जीमध्ये हा आकडा १,५०० झाला. गरजेपुरतेच आणि शक्य तितके हळू बोलणे हा तेव्हापासून मोबाईलचा पाया झाला. त्यामुळे बॅटरी वाचते हा जोडफायदा. खरा हेतू शेजाऱ्याचे संभाषण वाचवणे हाच आहे.

४-जीने वेळ आणि वारंवारता दोन्ही एकदम चिरले. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १८० किलोहर्ट्झचे १०० ठोकळे बसतात, आणि कोणता ठोकळा कोणाला द्यायचा हे टॉवरमधले सॉफ्टवेअर दर मिलिसेकंदाला ठरवते. हा निर्णय निव्वळ तांत्रिक नाही. ज्याचा सिग्नल उत्तम त्यालाच सगळे ठोकळे दिले, तर टॉवरची एकूण कामगिरी झकास दिसते, पण सेलच्या कडेला राहणारा उपाशी राहतो. सगळ्यांना सारखे दिले, तर दुबळ्या सिग्नलवर पुष्कळ ठोकळे खर्ची पडतात. सर्रास वापरला जाणारा मधला मार्ग असा: प्रत्येकाला आजवर सरासरी किती वेग मिळाला आणि या क्षणी किती मिळू शकेल, हे ताडून ज्याची वेळ त्याच्या स्वतःच्या मानाने चांगली त्याला पाळी द्यायची. कडेच्या माणसाची तक्रार यानेही पुरती मिटत नाही, कारण ४-जीमध्ये शेजारचे सेल तेच पट्टे वापरतात. म्हणून टॉवर आपापसात निरोप पाठवून कोणत्या ठोकळ्यांवर ताकद कमी ठेवायची हे ठरवू शकतात.

५-जीमध्ये ६४ किंवा त्याहून जास्त छोटे अँटेना मिळून लहरींचा झोत नेमका फोनकडे वळवतात, त्यामुळे एकाच क्षणी एकाच वारंवारतेवर वेगवेगळ्या दिशांच्या फोनांशी बोलता येते. पाठवणे आणि ऐकणे ५-जीच्या ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आळीपाळीने चालते. त्यासाठी शेजारच्या टॉवरांची घड्याळे मायक्रोसेकंदांच्या हिशेबात जुळलेली लागतात. एक ऐकत असताना दुसरा बोलू लागला की गोंधळ झालाच.

वाय-फायला असा कोणी कारभारी नसतो. त्याचा पट्टा परवानामुक्त आहे, म्हणून प्रत्येक राउटर आधी ऐकतो आणि शांतता दिसली तरच बोलतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच. दाट वस्तीच्या इमारतीत दहा-वीस राउटर त्या तिघांवरच पाळी शोधत बसतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा बरीच जास्त आहे.

काहींना तर बोलायचे नसते, फक्त ऐकायचे असते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद इथली महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, दूरच्या दीर्घिकांमधून येणारे अतिक्षीण सिग्नल टिपते. त्यांच्या तुलनेत जवळचा एक मोबाईलही कानठळ्या बसवणारा. हायड्रोजनची खूण असलेला १,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा म्हणूनच जगभर मोकळा ठेवला आहे. त्यात कोणीही प्रक्षेपण करायचे नाही.

एवढा काटेकोर हिशेब एका स्वस्त डब्याने बिघडू शकतो. रेंज वाढवण्यासाठी घरात किंवा दुकानात बसवले जाणारे बेकायदा बूस्टर टॉवरचे ‘जरा हळू’ ऐकत नाहीत. ते सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतात, आणि मग त्या सेलमधल्या प्रत्येक फोनला ओरडून बोलावे लागते. कडेच्या फोनांचे कॉल तुटतात. भारतात परवानगीशिवाय असे यंत्र विकणे आणि बसवणे दोन्ही बेकायदा आहे. घरात रेंज येत नसेल तर फोनमधले वाय-फाय कॉलिंग सुरू करावे, कंपनीकडे तक्रार नोंदवावी. आणि बूस्टर आधीच बसवलेला असेल, तर तो आजच काढून टाकावा.