अभिप्राय : स्पष्ट, पण सौजन्यपूर्ण

नवोदिताच्या लेखनाची वाढ पुष्कळशी निर्भीड अभिप्रायावर अवलंबून असते. परंतु लेखी अभिप्रायात आवाजातील मार्दव उमटत नाही. 'शेवट पटला नाही' हे वाक्य समक्ष भेटीत सल्ला वाटते. कागदावर तेच निकालासारखे भासते आणि एखादा होतकरू लेखक लेखनच सोडून देतो. उलटपक्षी, भिडेपोटी केलेली स्तुती त्याला काहीच शिकवीत नाही.

१९८२ साली बंद पडलेल्या 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत व राम पटवर्धन यांनी याबाबत वस्तुपाठ घालून दिला. लेखन नुसते 'साभार परत' न करता ते अनेक लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करीत, उणिवा दाखवीत व पुनर्लेखन सुचवीत.

अभिप्राय देताना लेखकाचा हेतू आधी समजून घ्यावा. दोष व्यक्तीचा नव्हे, लेखनाचा सांगावा आणि तो नेमका सांगावा. 'पात्रे निर्जीव आहेत' असे म्हणण्याऐवजी 'आई घर का सोडते, हे मला उमगले नाही' असे लिहावे. लेखकानेही एखादा शब्द खटकल्यास रागाने उत्तर धाडण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारून घ्यावा. बहुतेक गैरसमज तेवढ्यानेच दूर होतात.