न उचललेला फोन

आन्सरिंग मशीन ही वस्तू आपल्याकडे कधी फारशी रुजलीच नाही. पण ‘एक्स्ट्रीमली लाऊड अ‍ॅण्ड इन्क्रेडिबली क्लोज’ (२०११) पाहिलात, तर ते यंत्र काही केल्या डोक्यातून जाणार नाही.

११ सप्टेंबर २००१, न्यूयॉर्क. शाळा लवकर सुटते म्हणून ऑस्कर घरी येतो. मशीनवर बाबाचे निरोप. वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये अडकलोय, काळजी करू नका वगैरे. इतक्यात फोन पुन्हा खणखणतो आणि हा पोरगा जागचा हलत नाही. नंतर तो ते मशीनच लपवून ठेवतो, आईलाही कळू देत नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, लोकलमधल्या स्फोटांनंतर ज्यांनी न लागणारे फोन लावले, त्यांना या प्रसंगाबद्दल वेगळं काही सांगायला नको.

बाबाचा देह सापडत नाही. रिकामी पेटी पुरण्याचा सोहळा बघून ऑस्कर भडकतो. मग वर्षभराने निळ्या फुलदाणीत एक किल्ली मिळते, पाकिटावर नुसतं ‘ब्लॅक’. झालं! शहरातले झाडून सगळे ब्लॅक तो पायी शोधत सुटतो, धीर यावा म्हणून खंजिरी वाजवत.

जोनाथन सॅफ्रन फोअरच्या २००५ च्या कादंबरीवरचा हा सिनेमा अनेक अमेरिकी समीक्षकांना रडवेला, बेतलेला वाटला. तरीही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळालंच! तक्रार अगदीच खोटी नाही. टॉम हँक्सचा बाबा जरा जास्तच गोड आहे. पण थॉमस हॉर्न? ‘जेपर्डी’ या क्विझ शोमधून थेट सिनेमात आलेला हा मुलगा अखंड बडबडतो, चिडचिड करतो, चक्क नकोसा होतो. तेच बरं आहे. आपल्या सिनेमातली अनाथ पोरं कशी शहाण्यासारखी रडतात! हा आईच्या तोंडावर म्हणतो, त्याच्याऐवजी तू मरायला हवी होतीस. सँड्रा बुलक कबूल करते, मलाही तसंच वाटतं. बस्स, एवढंच.

मॅक्स फॉन सिडोचा मुका म्हातारा तर चुकवूच नका. एका तळहातावर ‘हो’, दुसऱ्यावर ‘नाही’. एकही संवाद नसताना बयाऐंशीव्या वर्षी नामांकन!

किल्ली कोणत्या कुलपाची, ते इथे सांगत नाही. पण त्या न उचललेल्या फोनबद्दल ऑस्कर शेवटी सगळं बोलतो ते एका जवळजवळ अनोळखी माणसापाशी. तेव्हा जेफ्री राइटच्या चेहऱ्याकडे बघा. तो मध्ये एकदाही बोलत नाही.