विश्लेषण : थायलंडचा करोना-धडा सेमाडोहला उपयोगी पडेल का?

करोना महासाथीच्या पहिल्या वर्षात काही देशांनी संसर्ग वेळीच आटोक्यात ठेवला. त्यांच्या अनुभवातून मेळघाटातील सेमाडोहसारख्या गावाने नेमके काय घ्यावे, याविषयी…

दक्षिण कोरियाची तयारी कशी होती?

तेथे २०१५ मध्ये ‘मर्स’चे १८६ रुग्ण आढळले, ३८ जण दगावले. त्यानंतर आणीबाणीत चाचणी संचांना झटपट मान्यता देणारी तरतूद झाली. त्यामुळे फेब्रुवारी २०२० मध्येच करोना चाचण्यांनी वेग घेतला. मात्र प्रयोगशाळांचे असे जाळे दुर्गम भागात लगेच उभे राहत नाही. सेमाडोहला जवळचे उदाहरण थायलंडचे आहे.

थायलंडने काय केले?

चीनबाहेरचा पहिला रुग्ण १३ जानेवारी २०२० रोजी थायलंडमध्येच नोंदला गेला. तेथे दहा लाखांहून अधिक ग्राम आरोग्य स्वयंसेवक असून एकेकाकडे साधारण १० ते १५ घरे असतात. मार्च २०२० मध्ये बँकॉकमधील कामे थांबली आणि मजूर गावी परतू लागले. तेव्हा स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन कोण कुठून आले याची नोंद ठेवली, ताप तपासला आणि १४ दिवस घरीच राहायला सांगितले.

सेमाडोहशी संबंध काय?

मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. २०२१ मध्ये अमरावतीत दुसरी लाट लवकर आली. शहरात २२ फेब्रुवारीपासून टाळेबंदी लागली. त्या वर्षी होळी २८ मार्चला होती. म्हणजे लाट आणि परतीचा हंगाम एकत्र आले. अशा वेळी कोणत्या घरी कोण आले, हे गावातल्याच माणसाला आधी कळते.

आपल्याकडे अशी व्यवस्था नाही का?

आहे. २००५ पासून ‘आशा’ स्वयंसेविका हेच काम करतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरवही केला. मात्र त्याआधी, जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता.

मग शिकायचे काय?

पहिले, परतणाऱ्यांची नोंद साथ येण्याआधीपासून, दर होळीला व्हावी. दुसरे, माहिती कोरकूतून मिळावी आणि गावाचा विश्वास असलेल्या भूमकांनाही सोबत घ्यावे. पश्चिम आफ्रिकेत इबोलाच्या साथीत स्थानिक जाणत्यांना सोबत घेतल्यावरच सुरक्षित अंत्यविधी लोकांनी स्वीकारले. तिसरे, आशांचे मानधन वेळेवर व पुरेसे असावे.

या उपायाला मर्यादा कोणत्या?

२०२१ मध्ये डेल्टाच्या लाटेने थायलंडलाही गाठले. तोवर तेथील लसीकरण पुरेसे झालेले नव्हते. घरोघरच्या पाळतीने वेळ मिळतो. त्या वेळात लस आणि उपचार घाट चढून गावापर्यंत पोहोचले, तरच त्याचा उपयोग.