एका मिनिटातले श्वास



संशोधन म्हटले की पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि मोठ्या शहरातली इमारत आपल्या डोळ्यांसमोर येते. चुलीच्या धुराने काळवंडलेल्या झोपडीत एखादी दाई तान्ह्या बाळाच्या पोटाकडे टक लावून बसली आहे, हे चित्र संशोधनाचे वाटत नाही. परंतु आपल्या देशात बालमृत्यूंवर जे अतिशय उपयोगी संशोधन झाले, त्यातला मोठा भाग अशाच घरांतून झाला, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात. आदिवासी बांधवांच्या सेवेसाठी आपण दान देतो, प्रार्थना करतो, गावभेटींना जातो. तेव्हा हे काम नेमके कसे झाले, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

गडचिरोली हा 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला जिल्हा. जंगल, भातशेती, गोंड आणि माडिया समाजाची वस्ती, आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि 1986 मध्ये त्यांनी येथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना त्यांनी काढलाच. पण त्याबरोबर त्यांनी एक असे काम हाती घेतले, जे सेवाभावी माणसाला प्रथमदर्शनी कोरडे वाटते. त्यांनी मोजायला सुरुवात केली. कोणत्या गावात किती बाळे जन्मली, किती गेली, कोणत्या आजाराने गेली, याची घरोघर जाऊन नोंद.

हे मोजणे का महत्त्वाचे? दुर्गम पाड्यावर घरी जन्मलेले आणि चौथ्या दिवशी गेलेले बाळ पुष्कळदा कोणत्याच कागदावर येत नसे. जन्माची नोंद नाही, म्हणून मृत्यूचीही नाही. कागदावर तो प्रश्नच अस्तित्वात नसतो, आणि जो प्रश्न नाही त्याच्यासाठी औषध कोण पाठवणार? 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून महाराष्ट्रातले खरे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे समोर आले, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. त्या अहवालामागे अशीच घरोघर केलेली मोजणी होती. आपल्याकडे कधी कधी म्हटले जाते की आकडेवारी हे सरकारचे काम, आपले काम प्रेम करण्याचे. मला ही विभागणी पटत नाही. गेलेल्या बाळाचे नाव कोणीतरी वहीत लिहिले, कशाने गेले हे त्याच्या आईजवळ बसून विचारले, हीसुद्धा त्या घराची दखल घेणेच आहे.

मोजणीतून जे दिसले त्यात न्यूमोनिया ठळक होता. फुफ्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांत संसर्गामुळे पू आणि पाणी साचते. प्रत्येक श्वासातून रक्ताला मिळणारा प्राणवायू कमी पडतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी मूल भराभर श्वास घेऊ लागते. ‘पोट उडतंय’ असे आपल्या बाया म्हणतात ते हेच. म्हणजे आजार ओळखण्याची खूण उघड्या डोळ्यांना दिसणारी आहे. पापुआ न्यू गिनी देशाच्या डोंगराळ भागात काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान यांनी 1980 नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की क्ष-किरण यंत्र नसले, स्टेथोस्कोप नसला, तरी खोकणाऱ्या मुलाचे श्वास मोजून आणि छाती आत ओढली जाते का हे पाहून न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक: जागतिक आरोग्य संघटनेने पुढे जगभर स्वीकारलेल्या मर्यादा या आहेत.

आता अडचण पाहा. गावात बाळाजवळ सर्वांत आधी पोहोचते ती दाई. ती अनुभवी असते, तिच्यावर घरच्यांचा विश्वास असतो, पण शाळेचे तोंड तिने पाहिलेले नसते. पन्नास-साठपर्यंत मोजणे तिला जमत नाही, आणि घड्याळ तिच्याकडे नाही. इथे बहुतेक योजना थांबतात. एक तर दाईला बाजूला सारले जाते, नाहीतर तिला अक्षरओळखीच्या वर्गात बसवले जाते. सर्चने तिसरी वाट काढली. दाईला जेवढे मोजता येते तेवढ्यावरच चालेल असे साधन तयार केले. एक मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या जोडीला तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर बाळाला न्यूमोनिया आहे, उपचार सुरू करायचा. अगदी तान्ह्या बाळांसाठी मण्यांची एक ओळ, त्यापेक्षा मोठ्यांसाठी दुसरी.

हे साधन पाहून कोणाला खेळणे वाटेल. पण वैज्ञानिक ज्ञान घराच्या उंबरठ्याच्या आत नेण्याचे याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. त्यात विज्ञानाशी कोठेही तडजोड नाही. नियम तोच, मर्यादा तीच. बदलला तो फक्त हातात धरायचा आकार.

औषध साधे होते, कोट्रायमॉक्साझोल. (आज त्याऐवजी अमॉक्सिसिलिन देण्याची शिफारस आहे.) गावातले आरोग्य कार्यकर्ते आणि दाया ते देऊ लागल्या. याचा उपयोग खरोखर होतो का, हे पाहण्यासाठी एकूण 102 गावे निवडली होती. काही गावांत हा उपक्रम, बाकीच्या गावांत नेहमीच्या सेवा जशा चालू होत्या तशा. वर्षभरानंतर हिशेब केला. उपक्रमाच्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने गेलेली मुले 8.1, तुलनेच्या गावांत 17.5. गावातल्या कार्यकर्त्यांनी ज्यांच्यावर उपचार केले त्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी शंभरात एकही पुरते दगावले नाही, प्रमाण 0.8 टक्के होते. दुसरीकडे ते 13.5 टक्के होते. 1990 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले.

‘काही गावांना दिले आणि काहींना नाही, हे न्याय्य आहे का?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, आणि यावा. त्याचे उत्तर असे की सुरुवातीला उपाय चालतो की नाही हेच कोणाला माहीत नसते. तुलना केली नाही तर त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून मुले वाचली की औषधाने, हे कधीच कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय दुसऱ्या जिल्ह्याला, दुसऱ्या देशाला ‘तुम्हीही हे करा’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही. मात्र सिद्ध झालेली गोष्ट नंतर कपाटात ठेवणे, हा मोठा अन्याय ठरला असता.

न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले, तसे आणखी एक चित्र स्पष्ट झाले. उरलेल्या बालमृत्यूंतले बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांतले होते. त्या काळी नवजात बाळ आजारी पडले की रुग्णालयात न्या, एवढाच सल्ला होता. पण बाळ-बाळंतिणीने घराबाहेर पाऊल टाकायचे नाही अशी रीत, वाटेत नदी, खिशात पैसे नाहीत, आणि रुग्णालयाची भीती. सर्चने आदिवासींना विचारले होते की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. तेव्हा एक उत्तर असे मिळाले, की तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि आमच्यात पांढरे कापड प्रेताला गुंडाळतात. शहाणी माणसे वर्षानुवर्षे आदिवासींना अडाणी म्हणत राहिली, आणि हे साधे कारण विचारायचे मात्र राहून गेले.

म्हणून 39 गावांत, गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना निवडून नवजात बाळाची काळजी शिकवण्यात आली. जन्मताच बाळ रडले नाही तर काय करावे, वजन कसे घ्यावे, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यावी, अंगावर ओढता येत नसेल तर आईचे दूध काढून चमच्याने कसे पाजावे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर इंजेक्शन कसे द्यावे. यातल्या शेवटच्या गोष्टीवर भुवया उंचावल्या नसत्या तरच नवल. आठवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार? पण पर्याय काय होता, हेही विचारायला हवे. पर्याय डॉक्टर नव्हता. पर्याय काहीच न करणे हा होता. शिवाय सुई हातात देण्याआधी पक्के प्रशिक्षण होते आणि नंतर देखरेख होती.

आधी या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे 62 पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1997-98 मध्ये, ती संख्या साधारण 25 वर आली. तुलनेच्या 47 गावांत ती 60 च्या आसपासच राहिली. काळजी घेतलेल्या दर 18 बाळांमागे एक मृत्यू टळला होता. डिसेंबर 1999 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे देशाच्या आरोग्य व्यवस्थेने ही पद्धत उचलली, आणि 2011 पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणे हे देशभरच्या आशाताईंच्या कामाचा भाग झाले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. तुमच्या गल्लीत आशाताई वजनकाटा घेऊन येते तेव्हा तिच्या पिशवीत गडचिरोलीच्या त्या 39 गावांचे काहीतरी असते. (प्रत्येक ठिकाणी योजनेतले सगळेच बारकावे तसेच्या तसे उतरले असे नाही. भेटी कागदावरच होतात अशा तक्रारीही ऐकू येतात. म्हणून गावभेटीत आईला ‘आशाताई कोणत्या दिवशी आल्या होत्या?’ असे विचारावे.)

आता आपल्या हाताशी असलेल्या गोष्टी. श्वास मोजायला कोणीही शिकू शकते. मूल शांत असावे. रडत असेल किंवा अंगावर पीत असेल तर थांबावे. आईच्या मांडीवर ठेवून अंगातले कपडे वर करावेत आणि पोट किंवा छाती वर येते ते मोजावे. पूर्ण एक मिनिट. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण तान्ही बाळे मध्येच श्वास रोखतात, मध्येच भराभर घेतात, आणि हिशेब चुकतो. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पिणे सोडून देत असेल, अंग गार लागत असेल, हाक मारून उठत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास 60 च्या वर असतील तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पोटावर डागण्या देणे हे काही भागांत अजूनही चालते. त्याने न्यूमोनिया बरा होत नाही, जखम मात्र होते. पण ते सांगताना आजीला चारचौघांत रागावू नये. मण्यांसारखे काहीतरी तिच्या हातात द्यावे, श्वास मोजायला तिलाच सांगावे. नातवाला धाप लागली हे घरात बहुधा तिच्याच लक्षात पहिल्यांदा येते.

यंत्रे भेट देऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र उपयोगी आहे, पण मोठ्यांचे यंत्र तान्ह्या बाळाच्या बोटाला बसत नाही, आणि त्याचा सेल संपला तर पाड्यावर दुकान नसते. पाठवण्याआधी ते कोण वापरणार आणि सेल कोण बदलणार, एवढे केंद्राला विचारून घ्यावे.

आणि टोप्या. अनेक मंडळ्यांतल्या भगिनी हिवाळ्यात लोकरीच्या टोप्या विणून पाठवतात. बाळाच्या शरीराच्या मानाने डोके मोठे असल्याने पुष्कळ ऊब डोक्यावाटे जाते. कमी वजनाच्या बाळाला हे सोसत नाही. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 33 ते 35 सेंटिमीटर असतो, कमी वजनाच्या बाळाचा 30 च्या आसपास. येणाऱ्या टोप्यांत मोठ्या मापाच्याच अधिक असतात. त्या बाळाच्या नाकाडोळ्यांवर घसरतात आणि आया त्या काढून ठेवतात. तेव्हा यंदा लहान मापाच्याही विणाव्यात. लोकर मऊ आणि घरी धुता येईल अशी असावी. मणी, बटणे, गोंडे लावू नयेत.