‘केलेच पाहिजे’ आणि ‘केले तर बरे’

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला रस्त्यावरच साड्या आणून दाखवणारा दुकानदार आपण भला माणूस समजतो. तो असतोही. पण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम त्याच्याकडे भलेपणा मागत नाही, पायऱ्यांशेजारी उतार मागतो.

१९९५ च्या जुन्या कायद्यात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाट होती. नव्या कायद्याने खासगी व्यावसायिकांनाही स्पष्ट शब्दांत बांधून घेतले. कलम ४६ सांगते, की सेवा पुरवणारा सरकारी असो वा खासगी, नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत त्याने आपली सेवा सुगम्य केली पाहिजे. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षे देते, आणि लोकांची ये-जा असलेली खासगी दुकानेही त्यात येतात. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या. दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख. वस्तूंच्या बाबतीत मात्र कायदा मवाळ आहे. सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या निर्मितीला सरकारने चालना द्यावी, एवढेच कलम ४३ म्हणते. मिक्सर बनवणाऱ्या कंपनीवर त्यातून थेट बंधन येत नाही.

मग सेवांच्या बाबतीत तरी काय अडले? अडले ते नियम १५ मध्ये. कायद्याचे बोट ‘नियमां’कडे, आणि नियमाचे बोट मार्गदर्शक तत्त्वांकडे. ती उघडून पाहिली तर भाषा शिफारशीची. मूळ कायद्यातले ‘केलेच पाहिजे’ खाली झिरपेपर्यंत ‘केले तर बरे’ झाले होते. शिफारस मोडल्याबद्दल दंड कोणाला करणार?

एका दृष्टिहीन नागरिकाने, राजीव रतुरी यांनी, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यातच ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान, सक्तीचे निकष वेगळे काढण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले.

दुसरा निकाल पायऱ्यांचा नाही, पापण्यांचा आहे. बँकेच्या डिजिटल ओळख-पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावावे लागतात. माणूस जिवंत आहे याचा तो पुरावा. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रीला ते जमेना, म्हणून खाते उघडेना. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सुगम्यता हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्यांत मिचकावण्याला पर्याय हवा आणि कागदी पडताळणी चालू राहावी, हेही आले. यंत्राला यातले काही अवघड नव्हते, असे मला वाटते. ते बनवताना कोणाला सुचले नव्हते, इतकेच.

दुकानदाराची अडचण मात्र खरी आहे. उतारासाठी १ : १२ हे प्रमाण धरतात. सहा इंचांच्या चार पायऱ्या म्हणजे दोन फूट उंची, म्हणजे चोवीस फूट उतार. पुण्याच्या जुन्या पेठेत तो थेट समोरच्या दुकानात जाईल. तिथे सरकता उतार चालेल का, आणि मागचे दार? सक्तीच्या नियमाने हे दुकानदाराला नेमके सांगायला हवे. नाहीतर साड्या रस्त्यावरच दाखवल्या जातील.