दिव्यांग कुंभाराने इलेक्ट्रिक भट्टी घेताना: किंमत विचारण्याआधी हे ६ प्रश्न विचारा



नांदेड-लातूरकडे आवा कसा लावतात ते तुम्ही पाहिलंच असेल. गोवऱ्या, तुराट्या, लाकूड वाहून आणायचं, वाकून वाकून मडकी रचायची आणि धुरात उभं राहून आग सांभाळायची. हे सगळं पाय आणि कंबर यांचं काम आहे. ज्याच्या पायाला पोलिओ आहे किंवा ज्याचा एक हात चालत नाही, असा कारागीर विजेच्या चाकावर उत्तम माल काढतो. पण माल भाजायची वेळ आली की भाऊ किंवा पुतण्या कधी मोकळा होतो याची वाट बघत बसतो. म्हणजे चाक स्वतःचं, पण धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात!

इलेक्ट्रिक भट्टी ही किल्ली परत देऊ शकते. पण भट्टी चुकीची घेतली, तर माणसाची वाट बघणं संपत नाही आणि वर हप्ता सुरू होतो. म्हणून आजचं सूत्र एकच: जी भट्टी मला एकट्याला भरता आणि रिकामी करता येते, आणि बिघडली तर जवळच दुरुस्त होते, तीच माझी भट्टी.

१. मी काय भाजणार?

पणत्या, कुल्हड, सुगडी, कप, शोभेच्या वस्तू यांसाठी छोटी भट्टी चालते. उन्हाळ्याचे मोठे माठ मात्र तिच्यात मोजकेच बसतात. माठाचा धंदा असेल तर आवा बंद करू नका, दोन्ही ठेवा. आपली लाल माती साधारण ९०० ते १०५० अंशांत भाजून निघते. मग विक्रेता १३०० अंशांची महाग भट्टी दाखवत असेल तर विचारा, "मला हिचा उपयोग काय?" स्टोनवेअर करायचं असेल, तरच ती घ्या.

२. ती माझ्या शरीराला जमते का?

वरून झाकण उघडणारी भट्टी बहुतेक वेळा स्वस्त पडते. पण तिच्या तळाशी माल ठेवायला खोल वाकावं लागतं. कुबडी किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्याने समोरून दार उघडणारी भट्टी घ्यावी, तीही स्टँडवर. मापाची टेप घ्या. बसल्या जागेवरून हात आरामात किती खाली आणि किती वर जातो ते मोजा. सगळ्या फळ्या त्याच मापात बसायला हव्यात. दार एका हाताने उघडतं का, हेही पाहा. भाजायच्या फळ्या जड असतात, म्हणून एका मोठ्या फळीऐवजी दोन अर्ध्या मागा.

ऐकू कमी येत असेल तर ठळक दिवा हवा. दिसत कमी असेल तर बझर आणि मोठे आकडे हवेत. मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे हाताची संवेदना गेली असेल, तर हात लावून गरम-गार ठरवायचं नाही, म्हणजे नाहीच. कंट्रोलरवरचा आकडा ५०च्या खाली आल्यावरच माल काढायचा.

३. माझी लाईट पुरेल का?

घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर साडेतीन किलोवॅटच्या पुढे जाता येत नाही. ६ किलोवॅटची भट्टी सिंगल फेजवर साधारण २६ अँपिअर ओढते. तिला स्वतंत्र वायर, एमसीबी, चांगली अर्थिंग आणि महावितरणकडून वाढवून घेतलेला मंजूर भार लागतो.

आता व्होल्टेजचं गणित बघा. २३०च्या जागी १९० व्होल्ट मिळाले, तर ६ किलोवॅटची भट्टी जेमतेम ४ किलोवॅटचं काम करते. वेळ वाढतो, बिल वाढतं आणि कधी शेवटचे १०० अंश चढतच नाहीत. म्हणून भट्टी ठरवण्याआधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ व्होल्टेज लिहून ठेवा.

४. लाईट गेली तर काय होतं?

काही कंट्रोलर लाईट परत आल्यावर पहिल्यापासून सुरू होतात, तर काही जिथे थांबले तिथून पुढे जातात. आपल्याला दुसरा प्रकार हवा. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या वाळूचा आकार अचानक बदलतो. तिथे घाईने तापलं किंवा गार झालं, तर माल तडकतो.

५. बिघडली तर कोण येणार?

बऱ्याच भट्ट्या पुण्या-मुंबईकडून येतात. पुणे लातूरपासून तीनशे किलोमीटरहून लांब आहे, आणि दिवाळीच्या तोंडावर मेकॅनिक चार दिवसांनी येणार असेल, तर वर्षाची कमाई गेली समजा. कॉइल आणि थर्मोकपल आज ना उद्या बदलावेच लागतात, त्यामुळे दोन्हींचा एक-एक जादा सेट भट्टीबरोबरच घ्या. भट्टी बसवताना तुमचा स्थानिक इलेक्ट्रिशियन हजर ठेवा आणि कॉइल बदलणं त्याला शिकवायला लावा. सर्व्हिस किती दिवसांत, हे बिलावर लिहून घ्या.

रिले चिकटला तर भट्टी तापतच राहते. म्हणून ठरावीक तापमानाला मेन सप्लाय तोडणारा दुसरा, स्वतंत्र कट-ऑफ हवा. दार उघडताच कॉइलचा करंट बंद करणारा स्विचही हवाच. या दोन गोष्टींवर तडजोड नको.

६. माझ्या मालावर चाचणी झाली का?

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याला माहीतच आहे. थापटण्याने डोकी थापटून त्यांनी कोण पक्कं आणि कोण कच्चं ते सांगितलं. भट्टीचीही तशीच परीक्षा घ्या. आपल्या मातीचा माल विक्रेत्याकडे न्या. वरची, मधली, खालची, तिन्ही फळ्या भरून भाजा आणि टिचकी मारून बघा. तिन्हीकडून सारखा खणखणीत आवाज आला पाहिजे. घरी बसवल्यावर पुन्हा एक भाजणी करा आणि ती नीट झाल्यावरच शेवटचे पैसे द्या.

पैशाचं गणित

समजा, एका भाजणीला ३० युनिट लागले आणि दर १० रुपये धरला. खर्च ३०० रुपये. ३०० पणत्या भरल्या तर पणतीला १ रुपया, १५०च भरल्या तर २ रुपये. म्हणून अर्धी भट्टी लावायची नाही. आणि तुमच्या वीजबिलातला खरा दर टाकूनच हिशोब करा.

आता भांडवल. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. साहित्यासाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पीएमईजीपीमध्ये दिव्यांग अर्जदार विशेष गटात येतो. स्वतःचा हिस्सा ५ टक्के, अनुदान ग्रामीण भागात ३५ आणि शहरात २५ टक्के. पण लक्षात ठेवा, पीएमईजीपीचं कर्ज घेतलं तर पुढची पाच वर्षं विश्वकर्माचा रस्ता बंद. आधी लहान भट्टी की मोठं युनिट ते ठरवा, मगच अर्ज करा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड तयार ठेवा. जिल्हा उद्योग केंद्रात सध्याचे नियम विचारा, आणि दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडेही चौकशी करा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. पहिल्या पानावर हाताच्या पोहोचीची मापं, दुसऱ्यावर सात दिवसांचं व्होल्टेज, तिसऱ्यावर महिन्याला किती माल भाजायचा तो आकडा. ही तीन पानं भरल्याशिवाय कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका. विक्रेता पहिल्यांदा किंमत सांगेल, तेव्हा वही उघडून म्हणा, "किमतीचं नंतर बघू. आधी मी इथे बसतो, तुम्ही दार उघडून दाखवा."

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर कष्ट करा, पण हिशोबाने!